'प्रत घेण्यात यावी', पण कोणी? मुक्तस्रोत दस्तऐवजांतली औपचारिक मराठी

दौतटाक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेली काही वर्षं फावल्या वेळात मी मुक्तस्रोत (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) सॉफ्टवेअरची मदतपानं मराठीत आणायचं काम करतो. स्ट्रिंग (पडद्यावर दिसणारे छोटे मजकूर) भाषांतरित करायच्या, पानं लिहायची, इतरांनी लिहिलेली तपासायची. हा धागा काढायला निमित्त झालं एका ओळीचं, आणि ती ओळ माझीच होती.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात ग्रंथालय चालवायची एक मुक्त प्रणाली बसवलेली आहे. तिची नवी आवृत्ती आली तेव्हा ग्रंथपाल बाईंसाठी मी चार पानांची मराठी पुस्तिका केली. तिसऱ्या पानावर वाक्य होतं: 'अद्ययावत करण्यापूर्वी विदागाराची प्रत घेण्यात यावी.' (विदागार म्हणजे डेटाबेस, सगळ्या नोंदींचा साठा.) लिहिताना मला ते चांगलं भारदस्त वाटलं होतं. बाईंनी पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, पेन्सिलीने खुणा केल्या आणि नवी आवृत्ती चढवली. प्रत घेतली नाही. पुढे सभासदांच्या नोंदींत घोळ झाला आणि आम्ही दोघांनी आठवडाभर बसून देवघेवीच्या वहीवरून सगळं पुन्हा भरलं. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, 'घेण्यात यावी' असं लिहिलं होतंत ना? मला वाटलं ते तुमच्याकडचं काम. परिपत्रकात असं लिहिलेलं असतं तेव्हा ते दुसऱ्या कोणाला तरी सांगितलेलं असतं."

बाईंचं काही चुकलं नव्हतं. 'घेण्यात यावी' या क्रियापदात कर्ता नाहीच. घरी येऊन मी ती चार पानं समोर ठेवली आणि नुसती क्रियापदं अधोरेखित केली. एकाच कृतीसाठी मी 'बटण दाबा', 'बटण दाबावे', 'आपण बटण दाबू शकता' आणि 'बटण दाबण्यात यावे' असं चार तऱ्हांनी लिहिलं होतं. लिहिणाऱ्याला ही विविधता वाटते. सूचना पाळत जाणारा माणूस मात्र प्रत्येक बदलाला अर्थ लावतो: इथे 'दाबा' आहे म्हणजे दाबायचंच, तिथे 'दाबू शकता' आहे म्हणजे नाही दाबलं तरी चालेल.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. दस्तऐवजाची भाषा औपचारिक होते ती क्रियापदाचा साचा आणि वाचकाला हाक मारायची रीत शेवटपर्यंत एक ठेवल्याने. 'विदागार', 'संचयिका', 'अभिगम' असे शब्द पेरले म्हणून ती औपचारिक होत नाही. सध्या मी पाळतो ते असं. कृती सांगायची तर 'करा'. 'करावे' हे रूप फक्त शिफारशीसाठी राखून ठेवायचं. 'करण्यात यावे', 'करण्यात येईल' पूर्ण बंद. सॉफ्टवेअर आपणहून काही करत असेल तर कर्ता लिहायचा ('प्रणाली दर तासाला नोंद करते') किंवा साधं 'फाइल जतन होते' म्हणायचं. आणि 'तुम्ही करू शकता' ऐवजी 'करता येते'. हे 'शकता' आपल्याकडे इतकं बोकाळलंय की एका पानावर मला ते सतरा वेळा सापडलं. त्यातल्या पंधरा ठिकाणी लेखकाला साधं 'करा' म्हणायचं होतं.

इथे बोलताना मी 'असं', 'केलं' लिहितोय, पण दस्तऐवजात 'असे', 'केले' लिहितो. एकाच पानावर दोन्ही असलं की दोन माणसांनी अर्धं अर्धं लिहिलंय हे लगेच कळतं.

तुम्ही मंडळी काय पाळता? विशेषतः दहा-वीस जण मिळून लिहितात तेव्हा हे टिकवता कसं?

---

पैलतीर

फार जिव्हाळ्याचा विषय. मी इंग्रजी डॉक्युमेंटेशन लिहिते, नोकरीतही आणि हौसेने मुक्तस्रोत प्रकल्पांसाठीही. इंग्रजीवाल्यांचं हे आपोआप जुळलं असेल असं लांबून वाटतं. तसं अजिबात नाही. त्यांनी ते भांडून भांडून लिहून काढलंय.

दोन टोकं सांगते. फ्रीबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या डॉक्युमेंटेशन प्रकल्पाची लेखकांसाठी एक मार्गदर्शिका आहे. तीत स्पष्ट सांगितलंय की 'डोन्ट', 'कान्ट' अशी आक्रसलेली रूपं वापरायची नाहीत, शब्द पूर्ण लिहायचे. उलट गूगलची विकासकांसाठीची शैलीपुस्तिका, जी कित्येक मुक्त प्रकल्प पायाभूत धरतात, ती म्हणते की बोलल्यासारखं लिहा, आक्रसलेली रूपं चालतील. दोन्हीकडची पानं वाचताना मला कुठेही ठेच लागत नाही, कारण दोघांनीही एक वाट धरली आणि ती सोडली नाही.

क्रियापदाच्या साच्याबद्दल म्हणाल तर तिकडचे लोक तुमच्याहूनही कडक आहेत. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवताना त्याचं वर्णन आज्ञार्थात लिहायचं असा नियम आहे. 'हा पॅच अमुक करतो' असं नाही, 'अमुक कर' असं, जणू कोडलाच हुकूम देताय. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या २००१ सालच्या पेप २५७ या नियमपत्रात फंक्शनबद्दलच्या माहितीच्या पहिल्या ओळीबद्दल हेच आहे: ते काय करतं याचं वर्णन नको, आज्ञा हवी. कुबरनेटिस या मुक्त प्रणालीच्या शैलीपुस्तिकेत वर्तमानकाळ वापरा, वाचकाला 'यू' म्हणा, 'वी' टाळा असं लिहिलंय. जँगो या वेबसाइट बांधायच्या मुक्त साधनाचे लोक म्हणतात की 'सिम्पली', 'जस्ट', 'ईझिली' असले शब्द शक्यतो नकोत, कारण अडलेल्या माणसाला 'हे तर सोपं आहे' असं ऐकवलं की तो आणखी खचतो. आपल्याकडचे 'फक्त एवढेच करा', 'सहज करता येते' हे त्याचेच भाऊबंद.

माझा पहिला पॅच परत आला होता तो 'काइंडली'मुळे. शाळेत अर्ज लिहायला शिकवतात त्या इंग्रजीतून ते माझ्या हाताला लागलेलं. रिव्ह्यू करणाऱ्याने शांतपणे लिहिलं की सूचनेत विनंती नको, नाहीतर वाचकाला ती ऐच्छिक वाटते. तेव्हा वाईट वाटलं, आज पटतं. मराठीत तर 'करा' या रूपातच आदर आहे, त्याच्या मागे दर वेळी 'कृपया' लावायची गरजच नाही. 'कृपया प्रतीक्षा करा' ऐवजी 'थोडे थांबा' म्हटल्याने कोणाचा अपमान होत नाही.

---

खडूफळा

धागा आवडला. मी सदतीस वर्षं मराठी शिकवलं, निवृत्तीनंतर मुलामुळे या भाषांतराच्या कामात आलो. 'घेण्यात यावी'बद्दल पूर्ण सहमत. पण 'करा' मला थोडं रोखठोक वाटतं. अनोळखी वाचकाला 'आपण' म्हणावं, ही आपली रीत आहे. 'आपण आपली फाइल निवडावी' यात जे सौजन्य आहे ते 'फाइल निवडा'मध्ये नाही.

शुद्धलेखनाबद्दल एक सांगतो. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२मध्ये मान्य केले, १९७२मध्ये आणखी ४ आले. त्यांनी पुष्कळ गोष्टी मार्गी लावल्या, पण काही ठिकाणी मुद्दाम मोकळीक ठेवली आहे. 'राहणे, पाहणे, वाहणे' असंच लिहा, 'रहाणे, पहाणे' नको, असं ते सांगतात. मात्र आज्ञार्थात 'पाहा'बरोबर 'पहा'लाही हरकत नाही म्हणतात. आता मदतपानात तर जिकडेतिकडे आज्ञार्थच! 'अधिक माहितीसाठी पुढील पान पहा' आणि 'यादी पाहा' ही दोन्ही वाक्यं नियमात बसतात आणि एकाच पानावर विजोड दिसतात. तेव्हा नुसतं 'शुद्धलेखनाचे नियम पाळा' असं सांगून भागत नाही. नियमाने जिथे दोन वाटा दिल्यात तिथे कोणती धरायची, तेवढं तुमच्या शैलीपुस्तिकेत लिहा. ती यादी दोन पानांचीच होईल, पण कामाची होईल.

---

दौतटाक

खडूफळा सर, 'पाहा/पहा'चं उदाहरण उद्याच आमच्या शैलीपुस्तिकेत घालतो. आम्ही 'पाहा' धरू.

'आपण'बद्दल मात्र नम्रपणे थोडं वेगळं म्हणतो. 'आपण'चे मराठीत दोन अर्थ आहेत, आदरार्थी 'तुम्ही' आणि 'तुम्ही-मी मिळून'. समोरासमोर बोलताना घोटाळा होत नाही. कागदावर होतो. 'आता आपण सर्व्हर सुरू केला आहे' हे वाक्य घ्या. वाचकाने सर्व्हर सुरू केलाय, की मागच्या पायरीत दोघांनी मिळून केला, की लेखक आपल्या सर्व्हरबद्दल सांगतोय? त्यात परत 'आपली फाइल' म्हणजे स्वतःची की सामाईक, हा प्रश्न सामाईक फोल्डरच्या पानावर तर फारच नडतो.

---

खडूफळा

सामाईक फोल्डरचं उदाहरण पटलं. माझ्या डोक्यात पत्रलेखन होतं, तिथे 'आपण' म्हणजे कोण हे मायन्यातच ठरलेलं असतं.

---

पैलतीर

'आपण' पूर्ण टाकून देऊ नका, त्याला हक्काची जागा आहे. दस्तऐवजांचे चार प्रकार मानणारी डायाटॅक्सिस नावाची मांडणी आहे: शिकवणी, कृतीची पानं, संदर्भ आणि विवेचन. शिकवणीत शिक्षक आणि शिकणारा बरोबर चालतात, म्हणून तिथे 'आम्ही-तुम्ही मिळून' अशी भाषा वापरावी असं ती मांडणी सांगते. इंग्रजीला त्यासाठी 'वी'वर भागवावं लागतं, आणि 'वी' म्हणजे 'आमची टीम' असंही वाचता येतं. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत, ही मराठीची श्रीमंती आहे. 'आता आपण पहिला प्रकल्प तयार करू' हे वाक्य शिकवणीत इतकं नेमकं बसतं की इंग्रजीत मला ते कधीच साधलं नाही.

म्हणून आमच्या गटात असं ठरलं: शिकवणीत 'आपण करू', कृतीच्या पानावर 'करा', संदर्भात वाचकाला हाक मारायचीच नाही ('हा पर्याय नोंदींची भाषा ठरवतो'). एकसारखेपणा म्हणजे हजार पानं एकाच सुरात नव्हेत. एका प्रकारच्या पानांचा सूर एक असला की पुरे.

---

सह्यकडा

मी प्रोग्रामर. दस्तऐवज आणि पडद्यावरचे संदेश यांची भाषा वेगळी पडते तेव्हा सगळ्यात जास्त त्रास होतो. पानावर लिहिलंय 'जतन करा दाबा' आणि बटणावर आहे 'साठवा'. वाचक बटण शोधत बसतो. म्हणून बटणांचे शब्द पानावर जसेच्या तसे, अवतरणात, एवढा नियम आम्ही सगळ्यात आधी केला.

पण खरी डोकेदुखी लिंगाची आहे, तिच्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. इंग्रजीत संदेश असतो '____ डिलीटेड'. रिकाम्या जागी प्रोग्राम नाव भरणार. मराठीत काय लिहू? फाइल असेल तर 'हटवली', संदेश असेल तर 'हटवला', पान असेल तर 'हटवले'. भाषांतर करणाऱ्याला रिकाम्या जागी काय येणार हे ठाऊकच नसतं. मग एक जण 'हटवले' लिहितो, दुसरा 'हटवला', तिसरा 'ला' जोडून '____ ला हटवले' करतो. हे तिसरं मराठी वळणाचंच नाही. आम्ही वाक्य फिरवलं: 'हटवण्याचे काम पूर्ण: ____'. नाव शेवटी, क्रियापद नाही, लिंगाचा प्रश्न संपला. तीच गत '____ मध्ये जतन केले'ची. मराठीत प्रत्यय लागला की शब्दाचं सामान्यरूप होतं. 'दस्तऐवज'चं 'दस्तऐवजामध्ये' व्हायला हवं, ते रिकाम्या जागेला कसं कळणार? म्हणून 'जतन केल्याचे ठिकाण: ____'.

आणि परक्या शब्दांची लिंगं एकदाची ठरवून टाका. सर्व्हर तो, लिंक ती, यावर भांडण नाही. पण 'फोल्डर उघडला' की 'उघडले'? 'डेटा मिळाला' की 'मिळाली'? 'कमिट केला' की 'केली' (कमिट म्हणजे कोडमधल्या बदलाची नोंद)? आमच्या एकाच पानावर कमिट तीन परिच्छेदांत तीन लिंगांतून फिरून आला होता. कोणतं लिंग बरोबर यावर तासन्‌तास वाद घालता येतो. आम्ही तक्ता केला: शब्द, लिंग, अनेकवचन, सामान्यरूप. 'फाइल, ती, फायली, फायलीत'. 'फायली' हा कचेरीत शंभर वेळा कानावर पडणारा शब्द, तरी कित्येक जण 'फाइल्स' लिहितात.

---

खिळेजुळारी

माझी पोस्ट अक्षरांबद्दल. मी आयुष्यभर छपाईच्या धंद्यात आहे, आधी खिळे जुळवले, आता संगणकावर पानं लावतो.

'ॲप' हा शब्द युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. एक, 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं. दोन, त्याआधीची सोय म्हणून 'अ' आणि त्यावर अर्धचंद्राचं चिन्ह, अशी दोन चिन्हं जोडून. तीन, हिंदीच्या कळफलकावरून येणारं 'ऍ', म्हणजे मुळात 'ए'वर चंद्र. पहिली दोन पडद्यावर हुबेहूब सारखी दिसतात. संगणकाला मात्र ती वेगळी, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणातही ती एक होत नाहीत. परिणाम असा की मदतपानाच्या शोधखिडकीत वाचक 'ॲप' टाइप करतो आणि उत्तर येतं, काही सापडले नाही. पान असतं. त्यावर तो शब्द वीस वेळा असतो. पण दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेला.

शासनाच्या नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने 'ॲ' आणि 'ऑ' वर्णमालेत घेतले, तेव्हा कोणतं अक्षर धरायचं हा प्रश्न उरलेला नाही. पहिलं धरा आणि सगळ्या जुन्या फायलींवरून एकदा शोध-बदल फिरवा. एका संध्याकाळचं काम आहे आणि माझ्या मते या धाग्यातल्या कुठल्याही सुधारणेपेक्षा वाचकाला त्याचा फायदा जास्त होईल. शब्द कितीही चांगला असो, सापडला नाही तर काय करणार.

---

सह्यकडा

@खिळेजुळारी, आजच आमच्या प्रकल्पाच्या फायलींच्या भांडारात शोधलं. 'ॲ'च्या तिन्ही तऱ्हा निघाल्या. मन:पूर्वक आभार.

---

नवखी

मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी एका प्रकल्पाला (नाव नको) मराठी पानाची दुरुस्ती पाठवली. मूळ पानातली आज्ञावली जुनी झाली होती, ती चालतच नव्हती. मी ती बदलली आणि खाली दोन ओळींचं स्पष्टीकरण लिहिलं. त्यावर एकतीस शेरे आले. 'करु' नव्हे 'करू'. 'आणि'च्या आधी स्वल्पविराम नको. 'वापरकर्ता' नको, 'उपयोजक' हवं. आज्ञावली बरोबर आहे की नाही, यावर एकही शेरा नाही. मी दोन आठवडे दुरुस्त्या केल्या, मग सोडून दिलं. ते पान अजून तसंच चुकीचं आहे.

एकसारखी शैली हवी हे मलाही मान्य आहे, म्हणूनच इथे लिहितेय. पण नवीन माणसाला हे नियम कुठे लिहिलेले सापडणार? मला कोणी पुस्तिकेचा दुवा दिला नव्हता, कारण पुस्तिकाच नव्हती. नियम त्या तपासणाऱ्या दादांच्या डोक्यात होते.

---

पैलतीर

नवखी, तुझी पोस्ट सगळ्या तपासनिसांनी वाचायला हवी. असं वागवलं जाणं योग्य नाही, आणि तू ज्यासाठी आली होतीस ते काम महत्त्वाचं होतं. चालत नसलेली आज्ञावली ही कुठल्याही ऱ्हस्वदीर्घापेक्षा मोठी चूक आहे.

आम्ही दोन गोष्टी केल्या. शैलीचा बदल आणि आशयाचा बदल एका पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारण्याच्या विनंतीत) आणायचा नाही. आशय बरोबर असेल तर आधी मर्ज करायचं, म्हणजे मूळ पानात मिळवून टाकायचं, भाषेची दुरुस्ती तपासणाऱ्याने स्वतः नंतर करायची आणि मूळ लेखकाला ती दाखवायची, म्हणजे पुढच्या वेळी तिच्या हाताला ते वळण लागतं. आणि जो नियम पुस्तिकेत लिहिलेला नाही त्यावरून शेरा मारायचा नाही. एखादी गोष्ट खटकली तर आधी ती पुस्तिकेत घालण्याचा प्रस्ताव मांडायचा, गटाने मान्य केला तर पुढच्या पानापासून लागू. या दुसऱ्या नियमाने आमचे निम्मे वाद मिटले.

शिवाय मूळ फाइलमध्ये प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहा. लिनक्सच्या मॅन पानांच्या (तिथल्या अंगभूत मदतपानांच्या) सूचनांत हे आहे. वाचकाला परिच्छेद सलगच दिसतो, पण तपासताना नेमकं कोणतं वाक्य बदललं ते लगेच कळतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ओळींच्या उजव्या टोकांवरून नजर फिरवली की साचा कुठे मोडलाय ते दिसतं. 'करा, करा, करा, करावे': चौथी ओळ आपोआप डोळ्यात भरते.

---

सह्यकडा

यंत्राची मदतही घेता येते. व्हेल नावाचं मुक्त साधन आहे, गद्य तपासणारं. नको असलेल्या शब्दांची आणि त्यांच्या जागी हव्या असलेल्या शब्दांची यादी द्यायची, ते प्रत्येक पुल रिक्वेस्टवर धावतं. 'ण्यात यावे', 'ण्यात येईल', 'करू शकता', चुकीचा 'ॲ', हे सगळं आम्ही त्यात टाकलंय. आम्हाला अडचण आली ती शब्दाची सीमा ओळखण्यात. काना-मात्रा-वेलांटीपाशीच शब्द संपला असं समजलं जातं. त्या साधनात शब्दसीमा न पाहण्याचा 'नॉनवर्ड' असा पर्याय आहे, मराठी नियमांना तो चालू ठेवा. शेवटी प्रत्यय जोडून लिहिणाऱ्या आपल्या भाषेला तेच सोयीचं पडतं. स्ट्रिंगसाठी वेबलेट या भाषांतराच्या साधनात शब्दसूची ठेवता येते, भाषांतर करतानाच बाजूला ठरलेला शब्द दिसतो.

नवखीने सांगितलेल्या गोष्टीवरही याचा उतारा आहे. 'करु' चं 'करू' कर असं यंत्राने सांगितलं तर कोणाला वाईट वाटत नाही. माणसाने आशय बघावा.

---

वैनगंगा

भंडाऱ्याहून लिहितेय. 'औपचारिक' हा शब्द दिसला की आमच्याकडची मुलं आधीच बिचकतात, त्यांना वाटतं की आपल्या तोंडची मराठी इथे चालणार नाही. पण या धाग्यातला 'करा'चा मुद्दा मला फार आवडला. आमच्याकडे, विदर्भात, 'करजो' म्हणतात. कोल्हापूरकडे आणखी वेगळं ऐकू येतं, सावंतवाडीला त्याहून वेगळं. पण 'करा' सगळीकडे कळतं, लहानांना आणि म्हाताऱ्यांनाही. 'करण्यात यावे' कुठल्याच घरात बोललं जात नाही. मग साधेपणा आणि औपचारिकपणा यांच्यात भांडण राहतच नाही.

शब्दसूची ठरवताना मात्र एकाच शहरातले चार जण बसू नका एवढी विनंती. 'डिलीट'ला कोण काय म्हणतं हे जरा विचारून बघा, 'काढून टाका' अशासारखा कोणालाच परका नसलेला शब्द निघतो.

---

दौतटाक

सगळ्यांचे आभार. एक मुद्दा राहिला होता, तो मांडतो, कारण माझी मूळ चूक त्यातूनच झाली होती.

इंटरनेटच्या मानकांत 'मस्ट', 'शुड', 'मे' या शब्दांचे अर्थ ठरवून दिलेले आहेत, १९९७च्या आरएफसी २११९ या दस्तऐवजात. 'मस्ट' म्हणजे सक्ती. 'शुड' म्हणजे शिफारस, तिला अपवाद करता येतो, पण परिणाम पूर्ण समजून. 'मे' म्हणजे ऐच्छिक. २०१७च्या आरएफसी ८१७४ने खुलासा केला की हे शब्द मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) असतील तरच त्यांना हा विशेष अर्थ आहे. आपल्या लिपीत मोठी-लहान अक्षरं नाहीत. ठळक करावं तर टर्मिनलवर आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनात ते हरवतं. म्हणजे सगळा भार क्रियापदावर, आणि मराठी क्रियापद तो पेलतं. सक्तीसाठी 'केलेच पाहिजे'. शिफारशीसाठी 'करावे'. ऐच्छिकासाठी 'करता येते' किंवा 'केले तरी चालते'. नकारात थोडं जपून. 'करू नये' हे शिफारशीसारखं वाचलं जातं, त्यामुळे सक्त मनाईला आम्ही 'कधीही करू नका' ठरवलंय. 'करावे' इकडेतिकडे सौजन्य म्हणून उधळलं की हे सगळं गणित बिघडतं. म्हणूनच मी ते रूप राखून ठेवा म्हणतोय.

वाचनालयाच्या पुस्तिकेचं ते पान पुन्हा लिहिलं. जुनं वाक्य काढून आता असं आहे:

'नवी आवृत्ती चढवण्याआधी विदागाराची प्रत घेतलीच पाहिजे. हे काम तुमचे आहे, प्रणाली ते आपोआप करत नाही. प्रत या संगणकावर न ठेवता दुसरीकडे ठेवा.'

काल संध्याकाळी ग्रंथपाल बाईंना फोन करून वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "दुसरीकडे म्हणजे? पेन ड्राइव्हवर घेतली आणि तो इथेच कपाटात ठेवला, तर चालेल का?" मग चौथं वाक्य घातलं: 'प्रत पेन ड्राइव्हवर घेतली तरी चालते, पण तो वाचनालयाच्या बाहेर ठेवावा.' ते लिहिताना बाईंनीच थांबवलं. "'ठेवावा' नको," त्या म्हणाल्या, "'ठेवा' लिहा, नाहीतर मी नाही ठेवणार."